एका पानाएवढी जागा

१८ जानेवारी, रविवार
सकाळ, दुकानातून

चि. ठकू हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. आज रविवार उजाडला तरी माझं उत्तर नाही, म्हणून तू तिकडे कडाकडा बोटं मोडत असशील. मोड बापडी. सत्तरी उलटली तरी तुझी बोटं अजून मोडतात हेच नवल. माझी आता नुसती कुरकुरतात.

इकडे सर्व ठीक. गुडघा जिथे होता तिथेच आहे. सूनबाईचा खोकला गेला, पण खोकताना बोलता येत नव्हतं त्याची भरपाई चालू आहे. पुढच्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकांचे फर्मे यायला लागलेत. बांधणीचं दुकान सगळं मुलाच्याच हातात आहे, मी आपला खिडकीपाशी बसून पानं मुडपतो. मुलगा म्हणतो, "बाबा, घडी घालायला मशीन आहे ना आपल्याकडे." मी म्हणतो, आहे, पण मशीनला वाचता येत नाही.

तुला आठवतं ना, मी शाळा सोडली पण कविता सोडल्या नाहीत. सोडणार कशा? त्या माझ्याच हाताखालून जायच्या. सोळा पानांचा छापील कागद म्हणजे एक फर्मा. एखादी कविता फर्म्याच्या शेवटच्या पानावर सुरू झाली की पुढची कडवी दुसऱ्या फर्म्यात, आणि तो फर्मा समोरच्या बाकावरच्या माणसाकडे. त्यामुळे माझ्या कित्येक कविता अजून अर्ध्याच पाठ आहेत. एका कवितेतलं वासरू माझ्यापुरतं पन्नास वर्षं रानात हरवलेलंच आहे. ते संध्याकाळी घरी आलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

आता तुझ्या कामाचं. तू लिहितेस की अक्काच्या घराचे पैसे प्राण्यांच्या निवाऱ्याला द्यायचे ठरलंच आहे. संगमरवर सांगून झाला, त्यावर अक्काचं नाव कोरून होत आलं, खाली चार ओळींची जागा सोडली आहे. तेवढ्या चार ओळी मी द्याव्यात आणि सोबतच्या कागदावर सही करून पाठवावी. अक्का जाताना एवढंच म्हणाली होती, "जनावरांसाठी. दोघांनी मिळून ठरवा, भांडू नका." आणि आपण भांडलो नाही, हे तू दोनदा लिहिलं आहेस. खरं आहे. पण भांडायला दोघांनी बोलावं लागतं गं.

तर ओळी. काल दिवसभर बसलो होतो. जमलं ते असं:

ओझी वाहून थकली पाठ,
तिला मिळाली सावली,
मुक्या जिवांची धरली वाट...

आणि इथे अडलं. 'सावली'ला 'माउली' हे यमक दारात उभंच होतं, पण अक्काला माउली म्हटलं असतं तर तिनं नर्सच्या नोकरीतला थर्मामीटर फेकून मारला असता. शिवाय आमची नात खांद्यावरून डोकावली. ती विमा कंपनीत बसून कोण कधी पडेल, कुठे काय जळेल याचे आडाखे बांधते, त्यामुळे तिचं डोकावणंही जरा तपासणीसारखंच असतं. म्हणाली, "आबा, मुका? साहेब मुके? ते ओरडले की शेजारच्या शाळेतली पोरं मधली सुट्टी झाली समजून डबे उघडतात."

साहेब म्हणजे अक्काचं गाढव, हे तुला सांगायला नको. वीटभट्टीवरून सुटून निवाऱ्यात आलं तेव्हा हाडांचा सापळा होतं. अक्का दर रविवारी गाजरं घेऊन जायची, आता मी जातो. मागच्या रविवारी गेलो तर साहेबांच्या गळ्यात पाटी! "कृपया गाजर देऊ नये." निवाऱ्याच्या बाई म्हणाल्या, "काय करू आजोबा, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. साहेबांना दत्तक घेणारे इतके झालेत, आणि प्रत्येकाला वाटतं, मी आणलं नाही तर हे उपाशी राहणार." साहेबांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं, आणि अशी हाक मारली की एका बाईच्या हातातलं पोर रडायला लागलं. मी चोरून एक गाजर दिलंच. अक्कानं दिलं असतं का, असा विचार फाटकाबाहेर आल्यावर मनात आला. पण तोवर ते खाऊन झालं होतं.

आणखी एक बातमी. दुकानात एक कोंबडी आली आहे. कशी आली ते पुढे कधी तरी सांगेन. तांबूस रंगाची आहे, मानेवरची पिसं गेलेली, चोचीचं टोक कापलेलं. पहिले दोन दिवस जिथे ठेवली तिथेच उभी. पायाखाली एवढी मोकळी फरशी, पण बाई जागच्या हलेनात, आवाज नाही की काही नाही. तिसऱ्या दिवशी कटिंग मशीनखाली कागदाच्या कातरणाचा ढीग होता, त्यात शिरली आणि एकदम आडवी पडून लागली की तडफडायला! पंख झाडतेय, पाय ताणतेय, डोळे अर्धे मिटलेले, मान वाकडी. मी ओरडलो, "फिट आली! फिट आली!" तिला शालीत गुंडाळली आणि गुडघा विसरून जनावरांच्या डॉक्टरांकडे धावत सुटलो. तिथे रांगेत एक बोका, दोन कुत्री आणि शालीतली माझी कोंबडी. मी सगळ्यांच्या पुढे घुसलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, तपासलं, आणि खुर्चीत बसून हसायलाच लागले.

"आजोबा, फिट कसली? ही अंघोळ करत होती. कोंबड्या धुळीत लोळून अंघोळ करतात. हिला धूळ मिळाली नाही, तुमचं कातरण मिळालं. बहुतेक आयुष्यातली पहिलीच अंघोळ, आणि तुम्ही मधेच उचलून आणलीत!"

बाहेर बसलेली बोक्याची मालकीण म्हणाली, "माझ्या सासऱ्यांना अशी घाई अंघोळीला जायची कधी नव्हती." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून तिचं नाव कातरण.

ओळींचं बघतो. तुझा कागद दाबाखाली, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात ठेवला आहे. छान सपाट होतोय.

तुझा
दादा


२ फेब्रुवारी, सोमवार
दुपार

चि. ठकू हिला आशीर्वाद, आणि पाण्याचा एक पेला जवळ ठेवून वाचायला बस.

"ओळी मागितल्या तर कोंबडी पाठवलीस. सहीचं काय?" एवढंच तुझं पत्र. आपल्या तिघांत उगाच मला कवी म्हणायचे, नेमकं लिहावं ते तूच.

सांगतो. क्रमानं सांगतो, नाहीतर पानं उलटसुलट लागतील.

तुझा कागद आला त्या दिवशी नात जेवायला बसली होती. ती स्वतःच्या पगारातला एक वाटा दर महिन्याला कुठे कुठे देते, आणि देण्याआधी वधू बघायला जावं तसं चारदा बघून येते. म्हणाली, "आबा, सही करा, नका करू. पण आधी एकदा रांगेत कोण कोण आहे ते बघून तर या." मी म्हटलं, "कसली रांग?" तर मला घेऊन गेली एका अंड्यांच्या कारखान्यात. कारखानाच म्हणायचा. लांबच लांब शेड, आत तारेच्या पिंजऱ्यांचे मजले, एकावर एक. तळ उतरता, अंडं पडलं की आपोआप घरंगळून पन्हळीत. कोंबडीला त्याकडे बघायलाही मिळत नाही.

मी कागदावर आयुष्य काढलेला माणूस. कुठलीही जागा दिसली की डोळे तिचं कागदात माप घेतात, सवयच ती. एका पिंजऱ्यात किती जणी उभ्या आहेत ते पाहिलं, मनात पिंजरा विभागला, आणि एकेकीच्या वाट्याला जे आलं ते माप मी दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच नव्हती. आपल्या तिसरीच्या पुस्तकाचं एक पान. उघडं पुस्तक नव्हे हं, एकच पान. ज्याच्यावर एक कविता आणि खाली छोटं चित्र मावतं तेवढं. तिथे उभं राहायचं, तिथेच वळायचं, म्हणजे वळता येत नाहीच. पहिल्या अंड्यापासून शेवटच्यापर्यंत.

शेडमध्ये आवाज होता, पण तो कुणा एकीचा नव्हता. पावसाचा आवाज असतो ना, त्यातला कुठला थेंब ते सांगता येत नाही, तसा.

तिथला देखरेख करणारा माणूस काही राक्षस नव्हता. आम्हाला चहा दिला, म्हणाला, "सगळं नियमात आहे आजोबा. लोकांना अंडं स्वस्त पाहिजे ना." बाहेर, अंडी द्यायच्या थांबलेल्या कोंबड्या गाडीत भरत होते. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "एक देता का?" तो हसला. "एक? आजोबा, इथून एक कुणी नेत नाही." पण दिली.

ती कातरण.

घरी येऊन मी शाळेच्या पुस्तकांची सगळी थप्पी काढली. मुलगा समजला, चुका शोधतोय. मी कविता चाळत होतो. गाईला कविता आहे, वासराला आहे, बैलाला आहे. चिमणीला तर इतक्या, की तिनं भाड्यानं द्याव्यात. पिंजऱ्यातल्या पोपटासाठी आपण पोरांना वर्षानुवर्षं रडवलं, तोही बहुतेक सोन्याच्या पिंजऱ्यातला. कोंबड्याला पहाट दिली. आणि कोंबडीला? एक ओळ नाही. फार तर गणिताच्या पुस्तकात डझनाच्या हिशेबाला तिची अंडी. मग मला उमगलं की माझी माया आजवर माझ्याच फर्म्यांच्या हिशेबानं गेली. ज्याची कविता माझ्या बाकावर आली त्याला मी जीव लावला. ज्याची आलीच नाही त्याचं माझ्यापुरतं काही दुखतच नव्हतं.

म्हणून कोंबडीवर कविता करायला बसलो. होईना! कातरणवर झाली, चांगली आठ कडवी झाली. पण त्या शेडवर होईना. कविता एकीची होते गं ठकू. हजारोंची करायला गेलो की शाईच वाळते.

मग नातीशी वाद. तो तुला जसाच्या तसा सांगतो, कारण तू जे जे म्हणशील ते सगळं मी आधीच म्हणून बसलोय.

ती म्हणाली, "साहेबांना चारा कमी पडतो का?"

मी म्हटलं, "उलट पथ्यावर ठेवलेत."

"मग अक्काआजींच्या पैशानं तिथे काय वाढेल?"

"नवं छप्पर होईल. म्हातारे बैल आहेत दोन-चार, त्यांना आडोसा. आणि दगड."

"छप्पर चांगलंच आहे. दगडाचं राहू द्या. आता तिकडचं बघा. काही माणसं आहेत, ती पाव-बिस्किटांच्या कंपन्या, मोठी हॉटेलं यांच्या मागे लागतात, की पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी घेऊ नका. शब्द मिळाला की तो पाळतात का, हे बघत राहतात. एक कंपनी बदलली तरी आपल्या सगळ्या गावात माणसं नसतील इतक्या कोंबड्यांचे पिंजरे सुटतात."

"आणि पैसे जातात कशाला?"

"त्या माणसांच्या पगाराला. पत्रं लिहायची, फोन करायचे, खेटे घालायचे."

मी भडकलो. म्हटलं, "अक्कानं चाळीस वर्षं रात्रपाळ्या करून बांधलेलं घर विकायचं, आणि कारकुनांनी पत्रं लिहायची?"

तर पोरगी शांतपणे म्हणते, "तुम्हीही सकाळपासून पत्रच लिहिताय ना?"

मी लेखणीला टोपण घातलं.

पण ती प्रामाणिक आहे हो. म्हणाली, "आबा, मी छातीठोकपणे नाही सांगत. कंपन्या शब्द देतात आणि विसरतात. कोंबडीचं सुखदुःख आणि गाढवाचं सुखदुःख एका तराजूत कसं घालायचं, तेही कुणाला नीट ठाऊक नाही. समजा कोंबडीला गाढवाच्या मानानं अगदी थोडंसंच कळत असेल, असं धरलं. तरी मी आकडे मांडते तेव्हा पारडं तिकडेच झुकतं. शिवाय साहेबांना विचारणारे खूप आहेत, हिला कोण आहे?" मग माशांचं काढायला लागली. ते तर याहून कितीतरी जास्त, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही म्हणे. मी हात जोडले. "थांब बाई. एका वेळी एकच फर्मा."

आकड्यांनी मी हललो नाही, ठकू. तुला वाटेल नातीनं म्हाताऱ्याला गुंडाळलं. तसं नाही. मला आठवला तो अक्काचा वॉर्ड.

तू तेव्हा लहान होतीस, तुला कदाचित आठवणार नाही. मी दुपारी तिचा डबा घेऊन प्रसूतिगृहात जायचो. काचेपलीकडे पाळण्यांची रांग, आणि त्यात एक पोर असं टाहो फोडायचं की मी डबा खाली ठेवून त्याच्याकडेच धावायचो, चुटक्या काय वाजवायचो, गाणी काय म्हणायचो. अक्का मला कोपरानं बाजूला सारून सरळ कोपऱ्यातल्या पाळण्याकडे जायची. तिथलं पोर निपचित. तिचे हात त्याच्या छातीवर, पाठीवर, तळपायावर. एकदा मी म्हटलं, "अगं, हे केव्हाचं रडतंय." मागे वळूनही न बघता म्हणाली, "रडतंय ते जगतंय, कवी. गप्प पडलंय त्याच्याकडे आधी जायचं."

तू म्हणशील, आणि म्हणायलाच हवं, की अक्का दर रविवारी साहेबांकडे जायची, कोंबड्यांकडे कधी गेली नाही. खरं आहे. मी हे पंधरा दिवस तेच चघळतोय. तिला साहेब आवडायचे. त्यांच्या कानामागे खाजवताना तिचा चेहरा जसा व्हायचा तसा तो आपल्याशी बोलतानाही व्हायचा नाही. पण ठकू, रविवार तिच्या सुट्टीचा वार होता. तो तिचा स्वतःचा. आवडत्याला भेटायचा. बाकीचे वार वॉर्डाचे, आणि वॉर्डात तिनं आवडतं-नावडतं कधी केलं नाही. ज्याला सगळ्यांत जास्त गरज त्याच्याकडे आधी.

मला एवढंच कळत नाही की तिचं घर हे तिच्या रविवारचं की सोमवारचं?

मला वाटतं सोमवारचं. हे मी तीन आठवडे तुला लिहायचं टाळत होतो. गाजरांचं लिहिलं, बोक्याचं लिहिलं, हे लिहिलं नाही. ओळी सुचत नाहीत असंही नव्हतं. त्या दगडावर बसतील अशा सुचत नव्हत्या.

तू निवाऱ्याच्या बाईंना शब्द दिलास, दगडावर नाव कोरून झालं, हे सगळं मला कळतं. तिकडे दिले तर नाव कुठे लागायचं नाही. कुठल्या कोंबडीला अक्का कोण ते कळणार नाही. कुणी येऊन बघेल असं काही उभंच राहणार नाही. आपल्या बहिणीचं सगळं आयुष्य असं वाऱ्यावर सोडायचं म्हटल्यावर तुला ते सोसणार नाही. मलाही सोसत नाही. तुझ्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही. दोघांनी मिळून, असं ती म्हणाली होती. तू छप्पर म्हणालीस तर छप्पर, मी हसत सही करीन, चार ओळीही देईन आणि त्यात माउलीसुद्धा घालीन.

पण आज सही केलेली नाही. कागद अजून दाबाखाली आहे.

रागावली असशील तर कळव. नसशील तर लवकर कळव.

सही फक्त पत्रापुरती करणारा,
तुझा दादा

ता.क. कातरण काल प्रथमच ओरडली. सूनबाईवर. पापडासारखा कडक आवाज आहे. सूनबाई म्हणाली, "घरात आता दोन झालो." मी मान खाली घालून पानं मुडपत राहिलो.


२ मार्च, सोमवार
सकाळ

चि. ठकू हिला दादाचे पोटभर आशीर्वाद.

महिनाभर तुझं पत्र नाही. पोस्टमन दिसला की मी दारात, आणि तो लांबूनच हातानं नाही म्हणायचा. शेवटी म्हणाला, "आजोबा, मीच लिहू का तुम्हाला एखादं?" सूनबाईला मी दोनदा विचारलं, ठकूचा फोन आला होता का. ती म्हणाली, "आत्या फोनवर रागावत नाहीत. त्यांना समोर माणूस लागतो." मला तर वाटायला लागलं होतं की तू समोरच येणार.

आणि काल तू नाही, टेम्पो आला.

टेम्पोवाला आणि त्याचा जोडीदार, दोघं धापा टाकत एक पोत्यात गुंडाळलेली लादी आत घेऊन आले. "कुठे ठेवू?" मुलानं टेबल मोकळं करून दिलं. पोतं सोडलं तर अक्काचं नाव. अक्षरं सुरेख काढली आहेत गं, 'क्क'चा जोड असा घोटीव की बोट फिरवत बसावं. खाली मोकळी जागा. आणि कडेला चिकटपट्टीनं लावलेलं पाकीट, त्यात नवा कागद, तुझी सही केलेला, आणि चिठ्ठी.

चिठ्ठी आता मला पाठ आहे. हिचं पुढचं पान दुसऱ्या फर्म्यात नाही.

"घर सोमवारचं. रविवारचं मी बघते, माझ्या पेन्शनमधून. बैलांच्या आडोशालाही त्यातूनच थोडं थोडं देईन. निवाऱ्याच्या बाईंशी बोलले, त्या म्हणाल्या दगड नको, डास झालेत, जाळ्या द्या. लादी परत घेत नाही म्हणतो, म्हणून तुझ्याकडे पाठवली. खाली जागा आहे. काय करायचं ते कर. आणि कवी, तो वॉर्ड मला माहीत आहे. मी तिथलंच कोपऱ्यातलं पोर होते. तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

नव्हतं सांगितलं, ठकू. आईनं नाही, अक्कानं तर नाहीच. मला फक्त एवढं सांगितलं होतं की तू झालीस आणि घरी आणायला जरा वेळ लागला. मी त्या काचेबाहेर उभा राहून भलत्याच पोरासमोर चुटक्या वाजवत होतो, आणि पलीकडे ती तुला जागं करत होती. चिठ्ठी वाचली तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मुलाला वाटलं दगड फुटला. म्हणाला, "बाबा, तडा गेलाय का?" मी म्हटलं, "नाही रे, चांगला भक्कम आलाय."

आज सकाळी सही केली. नात कागद घेऊन गेली. जाताना म्हणाली, "आबा, हे सगळं फुकटही जाऊ शकतं हं. मी तुम्हाला आधीच सांगतेय." मी म्हटलं, "अक्काच्या वॉर्डातही सगळी पोरं हाती लागली नाहीत. म्हणून ती सोमवारी घरी बसली का?" तर आमच्या विमावाल्या बाईंनी कागद मुकाट पिशवीत घातला, हे मी नमूद करून ठेवतो.

दगडाचं सांगतो. भिंतीत लावू या, म्हणाला मुलगा. मी नको म्हटलं. तुला माहीत आहे, शिलाई आणि सरस झाल्यावर पुस्तकं वाळेपर्यंत त्यांच्यावर वजन लागतं. सपाट, जड, आणि एकसारखं. वर्षानुवर्षं आम्ही विटा ठेवतोय आणि कोपरे दुमडले की एकमेकांना दोष देतोय. आता तिसरीच्या पुस्तकांच्या थप्पीवर अक्का आहे. पहिली खेप सकाळी काढली. एकही पान उचललेलं नाही. तशी ती कुणाला उचलू देणारही नव्हती.

साहेबांकडे काल जाऊन आलो. तुझं गाजर दिलं, अर्धं, डॉक्टरांना विचारून. पाटी अजून गळ्यात आहे, पण तिचा एक कोपरा साहेबांनी खाल्लाय. तू मे महिन्यात ये. दोघं जाऊ, आणि परत येताना तुला माझी ती हरवलेल्या वासराची कविता म्हणून दाखवीन. नातीनं उरलेली कडवी कुठून तरी शोधून दिली. वासरू घरी येतं. मला उगाच पन्नास वर्षं काळजी होती.

ओळी मात्र नाही कोरणार. खरं सांगू, मोकळी जागा मी मापली. सवय जात नाही. तिसरीच्या पुस्तकाचं एक पान, बरोब्बर तेवढी. कारागिराला ते माप कुणी दिलं कोण जाणे. आणि आत्ता हे लिहिताना कातरण थप्पीवर चढली आहे, तुझ्या दगडावर, नेमकी त्याच जागेवर बसली आहे. खिडकीतून ऊन येतंय, एक पंख पसरून डोळे मिटलेत. मानेवर नवी पिसं फुटली आहेत. सगळं दुकान तिला मोकळं आहे, पण ती तिथे बसते.

आता उठली. चार पावलं गेली, कातरणात शिरली. अंघोळ असेल. मी शाल आणायला गेलो नाही.

कागदावर आणि पत्रावर, दोन्हीकडे सही केलेला,
आणि काचेच्या बाहेरच्या बाजूनं का होईना, तेव्हा तुझ्याजवळच उभा असलेला,

तुझा दादा